शब्दचर्चा : मॉड्यूलर जावामध्ये ‘क्लासपाथचा घोळ’ म्हणावे का?

प्रश्न (ऐरोली) : महापे येथील आमच्या कार्यालयात जावा प्रोग्रामची टेस्ट पडली (फसली) की ‘क्लासपाथचा (जावा जेथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीचा) घोळ आहे’ असे म्हणून सगळे मोकळे होतात. आमच्या प्रकल्पात मॉड्यूल-इन्फो फाइल (मॉड्यूल म्हणजे पॅकेजेसचा गट; त्यातले काय बाहेर दिसावे हे या फाइलमध्ये लिहितात) आहे, जॅक्सन या जेसन डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या लायब्ररीची जारही (क्लासची गठडी) जागेवर आहे, तरीही मेव्हन या बिल्ड साधनावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल ऑब्जेक्ट एक्सेप्शन’ येते. आयडीईमध्ये (कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) मात्र तीच टेस्ट चालते. येथे हा शब्दप्रयोग योग्य ठरतो का?

उत्तर (ठाणे) : माझ्या मते नाही. क्लासपाथचा घोळ म्हणजे क्लास न सापडणे किंवा भलत्याच आवृत्तीचा सापडणे. क्लासपाथवरील सर्व जार एकाच अनामिक मॉड्यूलमध्ये मोडतात आणि तेथे कोणी कोणाला अडवत नाही. २०१७ मध्ये जावा ९ सोबत मॉड्यूलपाथ (मॉड्यूल शोधण्याच्या जागांची यादी; येथे मॉड्यूलच्या सीमा पाळल्या जातात) आला आणि ‘सापडणे’ व ‘परवानगी असणे’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आपला क्लास सापडलेला आहे, परवानगी नाही. एररचा संदेश नीट वाचावा. अमुक मॉड्यूल अमुक पॅकेज जॅक्सनला ‘ओपन्स’ करत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. आयडीई बहुधा टेस्ट क्लासपाथवर चालवत असावी.

प्रश्नकर्ता : पण ते पॅकेज आम्ही ‘एक्स्पोर्ट्स’ केलेले आहे.

उत्तर (ठाणे) : ‘एक्स्पोर्ट्स’ने फक्त पब्लिक गोष्टी बाहेर दिसतात. जॅक्सन रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना क्लासच्या आत डोकावून) प्रायव्हेट फील्डला हात घालते आणि त्यासाठी ‘ओपन्स’च लागते. म्हणून पहिल्याला ‘उघड करणे’ व दुसऱ्याला ‘खुले करणे’ म्हणावे. ‘निर्यात’ हा शब्द मला कस्टमच्या कागदपत्रांतला वाटतो.

उत्तर (वाशी) : ‘पॅच-मॉड्यूल’ला (मॉड्यूलमध्ये बाहेरचे क्लास मिसळणाऱ्या जावाच्या पर्यायाला) ‘ठिगळ’ चपखल बसतो. एकच पॅकेज दोन मॉड्यूलमध्ये चालत नसल्यामुळे शुअरफायर (मेव्हनचे टेस्ट चालवणारे प्लगइन) टेस्टचे क्लास मूळ मॉड्यूललाच ठिगळासारखे जोडते, आणि टेस्ट असलेली पॅकेजेस ‘अ‍ॅड-ओपन्स’ने खुली करते, मात्र ती केवळ अनामिक मॉड्यूलसाठी. जेयुनिट ही टेस्टची लायब्ररी सहसा तेथे असल्याने तिचे भागते. जॅक्सन मॉड्यूल-इन्फोमधील ‘रिक्वायर्स’मुळे (‘हे मॉड्यूल लागते’ या नोंदीमुळे) मॉड्यूलपाथवर गेलेले असेल, तर ते तसेच अडकते.

प्रश्नकर्ता : शुअरफायरचा ‘यूज-मॉड्यूल-पाथ’ (मॉड्यूलपाथ वापरा) हा पर्याय फॉल्स, म्हणजे बंद, केल्यावर टेस्ट हिरवी (यशस्वी) झाली.

उत्तर (ठाणे) : होणारच, कारण तपासणीच बंद झाली. सर्व्हरवर हेच ॲप मॉड्यूलपाथवर चालणार असेल, तर तेथे तोच एक्सेप्शन ग्राहकासमोर येईल. त्यापेक्षा मॉड्यूल-इन्फोमध्ये ते एकच पॅकेज जॅक्सनच्या डेटाबाइंड मॉड्यूलपुरते खुले करावे.