मदत हवी आहे: टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) जोर उरला नाही, पाणी कमी, प्रसूती वॉर्ड निर्जंतुक कसा ठेवायचा?

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, प्रसूती वॉर्ड सांभाळते. अलीकडे सिझर झालेल्या काही बायांचे टाके चिघळलेत. धडधाकट घरी गेलेली बाळंतीण ताप आणि पू घेऊन परत येते, सोबत तान्हं बाळ. बहुतेक जणी शेतमजुरांच्या घरच्या. एकीच्या आजारपणात घरातल्या दोघांची मजुरी बुडते. हे बघवत नाही. पू तपासणीला गेलाय, थिएटरचं आणि सामानाचं डॉक्टर बघताहेत. वॉर्ड माझ्या हातात आहे, म्हणून विचारते.

तयार हायपो (जंतू मारायचं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) संपलं की आमच्याकडे टीसीएल पावडरचं पाणी करतात. पोतं व्हरांड्यात, तोंड अर्धवट उघडं, आणि मे महिन्याचं ऊन. लिटरला 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे पावडर घेतली की 0.5 टक्के द्रावण होतं, हे मला माहीत आहे. पण तो हिशोब चांगल्या पावडरचा. या पावडरला आता वासही येत नाही. जोर किती उरलाय हे ओळखायचं कसं?

दुसरं, टँकर एक दिवसाआड येतो. इतक्या पाण्यात आधी काय पुसायचं? मावशी जीव लावून काम करतात, पण सगळं लक्ष फरशीवर. फिनाईलचा वास सुटला की नातेवाईक म्हणतात, "आता कसं सोच्छ वाटते बाई." खाटेच्या कठड्याला मात्र दिवसभर कोणाचं फडकं लागत नाही.

प्रतिसाद १ (प्रयोगशाळेत काम करतो)

ताई, वासावरून ठरवू नका. ग्रामपंचायतीच्या टीसीएलचे नमुने जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत जातात, त्यांच्यासोबत तुमचाही पाठवा. क्लोरीन किती टक्के उरलाय ते कळेल. 0.5 टक्के म्हणजे लिटरमागे 5 ग्रॅम क्लोरीन. पावडर 33 टक्क्यांची असेल तर तुमचे 15 ग्रॅम बरोबर. 25 टक्के निघाली तर 20 ग्रॅम घ्या. रक्त सांडलं तिथे 1 टक्का लागतो, म्हणजे दुप्पट. फारच उतरलेली निघाली तर प्रमाण वाढवत बसू नका, नवं पोतं मागवा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून 5 टक्क्यांचं हायपो घेता आलं तर काम सोपं: एक भाग हायपो, चार भाग पाणी, झालं 1 टक्का. कॅन अंधाऱ्या, थंड खोलीत ठेवा. द्रावण दर पाळीला ताजं, झाकणाच्या प्लास्टिक बादलीत; लोखंड गंजतं.

प्रतिसाद २ (निवृत्त इन्चार्ज सिस्टर)

बाळ, फरशीआधी हात जिथे पडतात ते बघ. कठडे, लॉकर, सलाईनचा स्टँड, दाराची कडी, नळाची तोटी, बीपीचा पट्टा. वॉर्डात फिरणारे काही जंतू कोरड्या जागेवर आठवडेच्या आठवडे जगतात आणि तिथून आपल्याच हातांनी टाक्यापर्यंत पोचतात. पाणी कमी असलं तरी एवढ्याला ते पुरतं.

आधी साबणाच्या पाण्याने पूस, मगच हायपो. मळ आणि रक्त क्लोरीनला खाऊन टाकतात. लावल्यावर जागा 10 मिनिटं ओली राहिली पाहिजे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन मिनिटांत सुकते, तेव्हा पुन्हा फडकं फिरव. हायपोत ॲसिड किंवा संडासचं लिक्विड कधीही मिसळू देऊ नको, विषारी वायू निघतो. मावशींना जाड रबरी हातमोजे दे. संडासचा पोछा वॉर्डात येता कामा नये, त्याचा रंगच वेगळा ठेव. पोछे धुऊन उन्हात खडखडीत वाळव.

आणि सगळ्यांत आधी हात. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात सेमेलवाइस डॉक्टरांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तो चुना म्हणजे तुझी ही पावडरच. आज हातांसाठी ती वापरायची गरज नाही. पाणी नसेल तेव्हा प्रत्येक खाटेशी अल्कोहोल रबची बाटली टांग, 20 ते 30 सेकंद चोळायचं. हात दिसायला मळलेले असतील तर साबण-पाणीच.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. नमुना उद्याच पाठवते. कठड्यांचं काम मावशींसोबत मी स्वतः करणार. एक विचारायचं राहिलं: भेटायला आलेले लोक बाळंतिणीच्या खाटेवरच बसतात, डबाही तिथेच उघडतात. म्हाताऱ्या सासूबाईंना उठा कसं म्हणायचं? कोणाच्या वॉर्डात यावर काही जमलं असेल तर नक्की लिहा.