गाडी तापतेय, मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट गेली. मदत हवी आहे

अबोली७
जरा घाईत विचारतेय. गाडी २ लाख १४ हजार किलोमीटर चाललेली, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. गेले तीन आठवडे सिग्नलला उभी राहिली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो. कूलंटची टाकी चार दिवसांत अर्धी होते, खाली मात्र एक थेंब दिसत नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलीय, इंजिन खोलावं लागेल, आठ दिवस गाडी सोडा.

आठ दिवस मला शक्यच नाही. वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. परवा त्यांना घेऊन परत येताना काटा लाल पट्टीला टेकला. ते मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेले आणि मी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पाऊण तास उभी. पुन्हा ती वेळ यायला नको. गॅस्केट करून घेऊ की गाडी विकून टाकू, एवढंच सांगा.

वाटसरू
वाईट वाटलं वाचून. पण एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही. पेट्रोल की डिझेल? गाडी किती वर्षांची? काटा फक्त उभं असताना चढतो की चालतानाही? सायलेन्सरमधून पांढरा धूर? एसी लावल्यावर रेडिएटरचा पंखा फिरतो का?

ओव्हरहॉल
गॅस्केटच आहे. पाणी कमी होतंय, बाहेर दिसत नाही, म्हणजे ते सिलिंडरमध्ये जातंय. माझ्या आधीच्या गाडीला हेच झालं होतं. मी दोन महिने पाणी घालत चालवली आणि शेवटी हेड वाकलं. फेसिंग करूनही, म्हणजे घासून सपाट करूनही, ते सरळ होईना, नवीन हेड टाकावं लागलं. तुमचा मेकॅनिक बरोबर सांगतोय. आणि हेड खोललं की हेडबोल्ट नवीनच टाकायला सांगा. बऱ्याच इंजिनांचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते परत वापरायचे नसतात.

रामबाण
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाका. अर्ध्या तासाचं काम. जुन्या गाड्यांना थर्मोस्टॅट लागतच नाही. माझ्या तिन्ही गाड्यांचा काढलाय, एकही तापत नाही.

दहाचा_पाना
रामबाण, कृपा करून हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरमच होत नाही. ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं. ऑइल पुरेसं तापलं नाही की त्यात जमलेला ओलावा उडून जात नाही आणि ऑइलचा चिखल होतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटचाच दुसरा पडदा बायपासची वाट बंद करत असतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत येतं, आणि गाडी उलट जास्त तापते.

@अबोली७, वाटसरूंच्या प्रश्नांची उत्तरं द्या आधी. हेड खोलायच्या अगोदर दोन तपासण्या होतात, दोन्ही मिळून तासाभराच्या. त्या न करता 'गॅस्केट गेली' म्हणणं हा अंदाज आहे, निदान नव्हे.

रामबाण
पुस्तकी गोष्टी आहेत. मी १५ वर्षं चालवतोय.

अबोली७
पेट्रोल. १३ वर्षांची. धूर दिसला नाही. पंखा फिरतो, आवाज येतो. चालती असली की काटा उलट निम्म्याच्या खाली असतो, उभी राहिली की दहा मिनिटांत वर. ऑइलचं झाकण उघडून बघितलं, आत किंचित पिवळट साय आहे. म्हणजे गॅस्केटच ना?

ओव्हरहॉल
साय म्हणजे ऑइलमध्ये पाणी. झालं, आता कशाला तपासण्या?

दहाचा_पाना
झाकणाला किंचित साय रोजच्या छोट्या फेऱ्यांनीही धरते, वाफ थंड झाकणाला लागून. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. तिच्यावरचं ऑइल दुधाळ असेल तर काळजी. नुसत्या झाकणाला असेल तर त्यावरून काही ठरत नाही.

बाकी तीन गोष्टी बघा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबा. एक-दोन मिनिटांतच दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. टाकीत सतत बुडबुडे येतात का बघा. आणि मेकॅनिकला ब्लॉक टेस्ट करायला सांगा. निळा द्राव असलेली एक काचेची नळी टाकीच्या तोंडावर धरतात, जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड आला की निळ्याचा पिवळा होतो.

गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, कितीही घाई असली तरी. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने जास्त असतो, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं.

निवांत
एवढ्या चाललेल्या गाडीत ऑइल कुठलं टाकता? २० डब्ल्यू ५० टाका. जाड ऑइल असलं की इंजिन गार राहतं, आवाजही कमी होतो.

वाटसरू
ऑइलचा इथे संबंध नाही हो. आणि जिथे कंपनीने ५ डब्ल्यू ३० सांगितलंय तिथे एवढं जाड ऑइल टाकलं तर सकाळी चालू करताना ते वरच्या भागात पोचायला वेळ लागतो. झीज सगळ्यात जास्त तेव्हाच होते.

निवांत
पुस्तिकेतलं ऑइल नव्या इंजिनासाठी असतं. दोन लाखांनंतर बेअरिंगमधली फट वाढते, तिथे जाड फिल्म लागतेच. अनुभव घेऊन बघा.

ओव्हरहॉल
ऑइल पीत असेल तर एक पायरी जाड चालेल, सरसकट नाही. पण हा वेगळा धागा होईल.

सायंतारा
विकायची असेल तर टायर आधी बघा. घेणारा तेच बघतो. टायरच्या कडेला डॉट लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३२१८ असेल तर २०१८ सालचा ३२वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुना रबर कडक झालेला असतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लागत नाही.

अबोली७
टायर ठीक आहेत, धन्यवाद. विकायचं रागाच्या भरात लिहिलं. वडिलांना या गाडीत चढता-उतरता येतं, सीट उंच आहे. दुसरी गाडी शोधायला वेळ नाही.

डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे, दुधाळ नाही. होज कडक झाला नाही, दहा मिनिटांनंतरही दाबला जात होता. बुडबुडे मध्येच एखादा. आणि एक, हे याच्याशी संबंधित नसेल कदाचित, पण गॅसवर असताना गाडी आजकाल झटके खाते. पेट्रोलवर केली की नीट चालते.

वाटसरू
गॅसवर??? सीएनजी किट आहे?

अबोली७
हो, आधीच्या मालकानेच बसवलेलं. त्याचा तापण्याशी काय संबंध?

दहाचा_पाना
खूप संबंध आहे, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सीएनजी टाकीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला असतो. इंजिनाला देण्याआधी तो दाब रिड्यूसरमध्ये उतरवतात. दाब उतरताना गॅस इतका थंड होतो की रिड्यूसर गोठेल. म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरवलेलं असतं. त्यासाठी हीटरच्या होजमध्ये दोन टी-जॉइंट टाकतात, म्हणजे नवीन पाइप आणि नवीन क्लॅम्प. गळती व्हायच्या जागा तेवढ्या वाढल्या.

आता दोन कामं करा. गॅसवर दहा-पंधरा मिनिटं चालवून या आणि रिड्यूसर बघा, पावाएवढी धातूची डबी असते, तिला गॅसची नळी आणि दोन रबरी पाइप येतात. काटा वर असताना कारमधला हीटर पूर्ण गरमवर लावा आणि हवा कशी येते ते सांगा.

अबोली७
आत्ताच जाऊन आले. रिड्यूसरवर पांढरं दव धरलंय, बोट लावलं तर अक्षरशः बर्फ. काटा पाऊणच्या वर होता आणि हीटरमधून हवा गारच येत होती. हे कसं शक्य आहे? एकीकडे इंजिन तापलंय आणि दुसरीकडे बर्फ?

दहाचा_पाना
हीच खूण. रिड्यूसर आणि हीटर, दोन्हीकडे गरम कूलंट पोचतच नाहीये. पातळी घसरली, पाइपात हवा शिरली. गॅसवरचे झटकेही त्यामुळेच, गोठलेल्या रिड्यूसरला नीट दाब सांभाळता येत नाही. गाडी चालती असली की पंप जोरात फिरतो, समोरून वारा लागतो, म्हणून निभावतं. उभी राहिली की पंप मंदावतो आणि हवेचा फुगा अडकून बसतो.

कूलंट कुठून जातंय हे शोधायचं. थेंब दिसत नाही कारण तो बहुतेक गरम धातूवर पडून उडून जातो. जाताना खपली ठेवतो, पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची. टॉर्च घ्या, टी-जॉइंटच्या खालच्या बाजूला आरसा धरून बघा. पहाटे इंजिन थंड असतानाच बघा, कारण काही क्लॅम्प थंडपणीच गळतात, रबर तापून फुगला की गळती बंद होते.

ओव्हरहॉल
मान्य, किटचं माहीत नव्हतं. तरीही ब्लॉक टेस्ट कराच. काटा लालला टेकलेला आहे एकदा, त्यात चांगल्या गॅस्केटलाही धक्का बसू शकतो. गळती सापडली म्हणून गॅस्केट शाबूत आहे असं सिद्ध होत नाही. मी तेवढ्यावरच फसलो होतो.

दहाचा_पाना
बरोबर आहे तुमचं. दोन्ही करा.

रामबाण
गळती असेल तर रेडिएटरमध्ये ओतायचं स्टॉप लीक मिळतं. ओता आणि विसरून जा.

वाटसरू
ते जिथे गळतं तिथे बसतं आणि जिथे गळत नाही तिथेही बसतं. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. या गाडीत तर रिड्यूसरच्या वाटाही अरुंद.

@अबोली७, पातळी कमी झाली की काय भरता, कूलंट की पाणी?

अबोली७
पाणी. नळाचं. तीन आठवडे रोज तेच भरतेय. चुकलं का?

वाटसरू
अडचणीत पाणी भरणं चूक नाही, कोरडी चालवण्यापेक्षा शतपटीने बरं. पण आता सिस्टीममध्ये बहुतेक पाणीच उरलं असेल. गंजरोधक गेलं, क्षार साचणार. दुरुस्ती झाली की सगळं काढून स्वच्छ करा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा. रंग बघून कूलंट घेऊ नका, कुठल्या प्रकाराला कुठला रंग हे काही ठरलेलं नाही. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, दोन प्रकार एकमेकांत मिसळू नका.

अबोली७
खपली सापडली!! पहाटे साडेपाचला टॉर्च घेऊन खाली गेले. रिड्यूसरमागचा प्लास्टिकचा टी-जॉइंट, त्याच्या खालच्या बाजूला फिकट हिरवी पूड, बोटाने खरवडली तर मिठासारखी निघते. वरून काहीच दिसत नाही, आरशातच दिसलं. फोटो मेकॅनिकला पाठवला. तो म्हणतो आधी प्रेशर टेस्ट करू.

मधले दोन दिवस डायलिसिसला भाड्याची गाडी केली. आता ही दुरुस्त होईपर्यंत चालवत नाही.

दहाचा_पाना
उत्तम केलंत. हवा नीट काढायला सांगा, बरेच जण तिथे घाई करतात. पुढचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, थंड असतानाच कॅप उघडी ठेवून इंजिन चालू, पातळी उतरेल तसं भरत राहायचं. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर त्यातून नुसतं कूलंट येईपर्यंत तो उघडा. मग कॅप लावून पंखा दोनदा चालू-बंद होऊ द्या आणि पूर्ण थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

आणि चालताना काटा निम्म्याच्या खाली असतो म्हणालात ते मला खटकतंय. थर्मोस्टॅट आत आहे का, हेही बघायला सांगा.

अबोली७
झालं काम. सविस्तर लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल.

प्रेशर टेस्टचा पंप लावून १ बार दाब दिला तर त्या पंपाचा काटा दोन मिनिटांत उतरला आणि टी-जॉइंटच्या चिरेतून पाणी पाझरायला लागलं. केसाएवढी चीर. दोन्ही टी पितळेचे टाकले, दोन्ही पाइप बदलले, जुना पाइप वाकवला तर त्याला आडव्या भेगा पडल्या. ब्लॉक टेस्टचा द्राव शेवटपर्यंत निळाच राहिला. थर्मोस्टॅट नव्हता! घर रिकामं होतं. आधीच्या कुणीतरी काढून टाकलेला. नवीन बसवला, कॅपही नवी. सगळं एका दिवसात. मेकॅनिकने स्वतःहून सांगितलं की आधी तपासायला हवं होतं, तेव्हा माझाही राग गेला.

काल वडिलांना घेऊन गेले. येताना रस्ता तुंबलेला, वीस मिनिटं जागेवरच उभे होतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (इंजिनाचे आकडे दाखवणारं यंत्र) लावलाय, त्यात तापमान ९७ अंशांपर्यंत गेलं, पंखा लागला, ९१ वर आलं, परत ९७. मी आकड्याकडेच बघत होते. ते मागे गाढ झोपलेले.

ओव्हरहॉल
छान झालं. महिनाभर रोज सकाळी थंड असताना टाकीच्या खुणेवर लक्ष ठेवा. आणि सीएनजीवर एवढी चाललीय तर व्हॉल्व्हचं क्लिअरन्स एकदा तपासून घ्या. त्या इंधनात व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते आणि फट कमी होत जाते.

निवांत
आणि ऑइल?

वाटसरू
ऑइल बदलाच, ती साय आणि तापलेलं इंजिन, दोन्हीसाठी. पुस्तिकेतल्याच ग्रेडचं.

सायंतारा
माझीही गाडी तापते. डिझेल आहे. काय असेल?

दहाचा_पाना
वेगळा धागा काढा. किलोमीटर, वय, केव्हा तापते, काय भरता, आणि गाडीला नंतर काय काय बसवलंय ते सगळं पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.