पासपोर्टावर जन्मगाव नाही, 'गाव' छापलेलं!

राजापूरची_लेक:
जन्म डोंबिवलीचा, पण कुणी विचारलं की तोंडातून राजापूरच येतं. आजोबांचं घर तिथं, ग्रामदेवी तिथली. मी मात्र उभ्या जन्मात सगळे दिवस मिळून दोन महिने राहिले असेन. सध्या मुक्काम झुरिक. काल ऑफिसातल्या एकाचा स्विस पासपोर्ट पाहिला, तर त्यात जन्मगावाचा पत्ताच नाही! 'हायमाटोर्ट', म्हणजे मूळ गाव, म्हणून लांगनाऊ छापलंय, एमेंटालमधलं, चीजच्या मुलखातलं. गडी झुरिकचा, बापही झुरिकचा. म्हटलं, लांगनाऊला कोण असतं? "कुणी नाही. मी कधी गेलोच नाही." बापाकडून मुलाकडे चालत आलंय म्हणे. आधी हसू आलं, मग राजापूर आठवलं आणि गप्प बसले. तुमच्याकडे 'गाव' म्हणजे काय धरतात?

पेणकर_विंटरथुर:
आमची गंमत ऐका. स्विस झालो तेव्हा ज्या नगरपालिकेनं नागरिकत्व दिलं, तेच हायमाटोर्ट झालं. आडनावात पेण, पासपोर्टात विंटरथुर! लेक उद्या जिनिव्हात संसार थाटेल, तरी कागदावर विंटरथुरचीच. पूर्वी याला वजन होतं बरं का. माणूस कुठंही कंगाल झाला तरी त्याला पोसायचं मूळ गावानं. त्यामुळे नवा माणूस आपल्यात घ्यायला गावं का-कू करायची.

तोक्योचा_पाहुणा:
इथं 2008 पासून 'फुरुसातो नोझेई' आहे. फुरुसातो म्हणजे आपलं गाव. हव्या त्या गावाला देणगी द्यायची. 2000 येन आपल्या खिशातले, बाकीचे ठरावीक मर्यादेपर्यंत करातून वजा. वर गाव भेटही पाठवतं. नातं असायची अट नाही. मी तांदूळ पाहून निईगातातलं गाव निवडलं. पाच किलोंची पिशवी आली की बायको म्हणते, "तुझ्या गावाहून आलंय!"

लांज्याचा_काका:
तांदूळ पाठवणारं गाव आम्हालाही चालेल हो! आमच्या घराच्या सातबाऱ्यावर 34 नावं. शिमग्याला सगळ्यांना गाव आठवतं, शाकारणीची वर्गणी मागितली की फोन उचलतात पाच. ताई, तू कितवी?

राजापूरची_लेक:
काका, उचलणाऱ्यांतली! यंदाचे पैसे वैशाखातच पोचलेत, आईला विचारा. पेणकर, तुमच्या नातवंडांना कुणी "पेणचे का?" विचारलं तर?

पेणकर_विंटरथुर:
विचारणारा भेटायला हवा. इथं आत्ताच आमचं 'पेंकार' झालंय.