सशाच्या पिल्लांचे कान कधी, कुठे आणि कसे गोंदायचे?

प्रश्न

दोन माद्यांची मिळून 13 पिल्लं आहेत, आज पाच आठवड्यांची. आठ पांढरी, बाकी काळी आणि राखी. आई कोण हे लक्षात राहावं म्हणून कानात मार्करने खुणा केल्या आहेत, पण त्या दोन-तीन दिवसांत पुसट होतात आणि पुन्हा कराव्या लागतात. दूध तोडून सगळी एकत्र केली की ओळख पटवणं कठीण जाईल. म्हणून सुयांचे आकडे बसवायची गोंदणाची पक्कड आणि काळी शाई आणली आहे. योग्य वय कोणतं? कानात नेमकं कुठे टोचायचं? पिल्लाला कमीत कमी त्रास कसा होईल? आणि काहींचे आकडे महिन्याभरात वाचता येईनासे होतात, ते कशामुळे?

उत्तर 1

अजून दोन आठवडे थांबा. पाचव्या आठवड्यात कान इतका लहान असतो की तीन आकडे बसवले तरी कडेचा आकडा शिरेवर जातो. सातव्या आठवड्याच्या सुमाराला गोंदा आणि आठव्यात दूध तोडा. दोन्ही एकाच दिवशी करू नका. आई सुटणं, खाणं बदलणं आणि वर कानाचं दुखणं हे सगळं एकदम आलं की पिल्लू खाणं टाकतं, आणि सशाचं आतडं थंडावलं की मामला हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. तोवर मार्करच्या खुणा चालू ठेवा.

छोट्या जातींना 6 मिलिमीटरचे आकडे, मोठ्या जातींना 8 चे. शुद्ध जातीच्या सशांच्या नोंदणीची अमेरिकेतली पद्धत अशी की उजवा कान नोंदणी क्रमांकासाठी मोकळा ठेवायचा आणि पाळणाऱ्याने आपला क्रमांक डाव्या कानात घालायचा. नोंदणी करणार नसलात तरी डावा कानच धरा, म्हणजे शोधताना एकच कान उलटावा लागतो.

जागा: कानाच्या आतल्या बाजूला. कानामागे टॉर्च धरली की मधोमध जाड रोहिणी आणि दोन्ही कडांनी शिरा स्पष्ट दिसतात. रोहिणी आणि कडेची शीर यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात क्रमांक बसला पाहिजे. काळ्या कानात टॉर्चशिवाय हे करूच नका.

पिल्लाला हात लावण्याआधी प्रत्येक क्रमांक पुठ्ठ्यावर दाबून पाहा. आकडे उलट क्रमाने बसवले जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती कानातून खोडता येत नाही. एखादी सुई वाकलेली असली तरी पुठ्ठ्यावर लगेच कळतं.

पिल्लू टॉवेलात घट्ट गुंडाळा, चारही पाय आत आणि डोकं बाहेर. मागचे पाय मोकळे राहिले तर सशाच्या जोरदार लाथेने त्याचाच कंबरेचा मणका मोडू शकतो. उताणं करून निपचित पाडण्याची युक्ती काही जण सांगतात. ती शांतता नसते, भीतीने थिजणं असतं. ते टाळा.

एकाने पिल्लू आणि डोकं धरायचं, दुसऱ्याने कान. स्पिरिटच्या बोळ्याने कानातला मेणचट थर पुसून पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर शाई पातळ होते आणि टोचल्यावर चरचरतंही. मग शाईचा पातळ हात, पक्कड एकदाच ठाम दाबायची आणि त्याच क्षणी सोडायची. दाबून धरली आणि पिल्लाने मान मागे ओढली तर कान फाटतो. त्याच जागी दुसऱ्यांदा दाबू नका, दोन ठसे एकमेकांवर पडतात आणि काहीच वाचता येत नाही. लगेच आणखी शाई घेऊन मऊ टूथब्रशने किंवा अंगठ्याने 15-20 सेकंद भोकांत चोळा. वरून व्हॅसलिनचा हात द्या आणि उरलेली शाई पुसायला जाऊ नका. खपल्या आठवड्याभरात गळतात, खरा आकडा तिसऱ्या आठवड्यात दिसतो.

आकडे फिके पडण्याची कारणं बहुतेक तीनच: मेण नीट न काढणं, शाई वरवर लावून सोडणं, आणि रक्त. शिरेला टोचलं की रक्त शाई बाहेर ढकलतं. तसं झालं तर जखमेवर ठेवायची कोरडी जाळी (गॉज) दोन मिनिटं दाबून धरा, रक्त थांबल्यावरच शाई चोळा.

उत्तर 2

वरच्या उत्तरात दुखण्याचा मुद्दा राहिला आहे. "क्षणाचं तर दुखणं" म्हणून तो सोडून देऊ नये. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सशांचे कान बधिर करणारं मलम लावून आणि न लावता गोंदून पाहिले होते. मलमाशिवाय धडपड, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब हे सगळं वाढलं. मलम लावलेल्यांत हा परिणाम खूपच कमी होता. ते मलम म्हणजे लिडोकेन 2.5 टक्के आणि प्रिलोकेन 2.5 टक्के यांचं मिश्रण. पिल्लाच्या वजनाप्रमाणे किती घ्यायचं ते पशुवैद्याकडून ठरवून घ्या. गोंदायच्या जागेवर जाडसर थर, वर पातळ प्लास्टिक, आणि अर्धा ते एक तास थांबायचं. दहा मिनिटांनी पुसून टोचलं तर उपयोग शून्य. गोंदण्याआधी मलम पूर्ण पुसा: ते तेलकट असतं, राहिलं तर शाई धरत नाही. चाटलं जाऊ नये म्हणूनही प्लास्टिक हवंच.

त्याच अभ्यासातून सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची मोजपट्टी तयार झाली. डोळे आवळलेले, गाल चपटे, नाकाचा आकार टोकदार, मिशा ताठ, कान मागे घट्ट. गोंदल्यावर तासाभराने प्रत्येक पिल्लाकडे या नजरेने पाहा. थोड्या वेळात ती खायला लागली पाहिजेत. संध्याकाळपर्यंत लेंड्या कमी किंवा बारीक दिसल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका.

कानात खपल्या, खरूज किंवा जखम असेल तर त्या पिल्लाचं गोंदणं पुढे ढकला.

उत्तर 3

काळ्या पिल्लांसाठी तुमची काळी शाई कामाची नाही, हिरवी आणा. हिरवी लावली तरी काळ्या कानातला क्रमांक वाचताना मागून प्रकाश लागतो. पाच-सहाच गडद पिल्लं असतील तर त्यांच्यासाठी बॅटरीवरचं गोंदायचं पेन बरं. ठिपक्यांऐवजी सलग रेघ येते आणि शीर चुकवत लिहिता येतं. मात्र पेनला एक-दोन मिनिटं लागतात, म्हणजे पिल्लू तेवढा वेळ स्थिर हवं आणि मलम आणखीच गरजेचं. आधी केळ्याच्या सालीवर हात बसवा.

प्रश्नकर्ता

तेरा पिल्लं एकामागून एक करायची आहेत. मधे आकडे स्पिरिटने पुसून घेतले तर चालेल का?

उत्तर 1

नाही. सुयांच्या मुळाशी रक्त अडकतं आणि त्यावरून स्पिरिट फिरवून काही साधत नाही. सशांच्या रक्तस्रावी तापाच्या विषाणूवर तर अल्कोहोलचा भरवसाच धरता येत नाही. आकड्यांचे निदान दोन-तीन संच ठेवा. वापरलेला संच थंड पाण्यात ब्रशने घासून रक्त काढा, मग 20 मिनिटं उकळा. प्लास्टिकच्या खोबणीतले आकडे असतील तर ते उकळणं सोसतात का ते सोबतच्या सूचनांत पाहून घ्या. पेनला प्रत्येक पिल्लासाठी नवी सुई. शाई बाटलीतून थेट नको, प्रत्येकासाठी झाकणात चार थेंब वेगळे काढा आणि उरलेली फेकून द्या. एखादं पिल्लू शिंकत असेल किंवा नाक वाहत असेल तर त्याला त्या दिवशी टेबलावर आणूच नका.

उत्तर 3

क्रमांक ठरवताना: नरांना विषम, माद्यांना सम ही बऱ्याच ठिकाणी चालणारी रीत सोयीची आहे, पण त्याआधी लिंग दोघांनी तपासा. क्रमांकापुढे आईसाठी एक अक्षर ठेवा, म्हणजे मार्करच्या खुणांची गरज संपेल. 6 आणि 9 एकटे वापरू नका. कान कुठून धरलाय त्यावर ते बदलतात. 06 किंवा 09 असं लिहिलंत तर गोंधळ होत नाही. वहीत नोंद त्याच टेबलावर, पक्कड सुटल्याबरोबर करायची, आणि तीन आठवड्यांनी प्रत्येक कान वहीशी पडताळायचा. जो नीट वाचता येत नसेल तो त्याच कानात, जुन्या ठशापासून दूर, पुन्हा मलम लावून करा.