सरकारी पाळतीवर चर्चा पक्षांच्या भांडणात अडकू नये म्हणून काय करावं?

रामबागकर (इंदूर):
वाचनालयात पुढच्या महिन्यात 'सरकारी पाळत आणि नागरिक' या विषयावर खुली चर्चा आहे. फोन टॅपिंगचा विषय निघाला की सत्ता कोणाची हे पाहून लोक बाजू घेतात. म्हणून आधी शहरातल्या कॅमेऱ्यांचे कागद माहितीच्या अधिकारात मिळवावेत असा विचार आहे. नेमकं काय मागावं? अर्ज मराठीत चालेल का?

ग्वाल्हेरचा वकील:
मराठीत नको. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत लागतो. आपल्याकडे हिंदीतच लिहा. शुल्क १० रुपये.

"कॅमेरे का लावले?" असं विचारू नका. अधिकाऱ्याने स्पष्टीकरण तयार करून देणं कायद्यात बसत नाही. जे कागद कार्यालयात आहेत त्यांच्याच प्रती मागा: कॅमेऱ्यांच्या कंत्राटाची आणि कार्यादेशाची प्रत, फुटेज किती दिवस ठेवायचं याचा आदेश, ते कोणत्या पदाचे अधिकारी पाहू शकतात याचं परिपत्रक. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलं असेल तर स्वीकृतीच्या वेळचा चाचणी अहवालही मागा. सॉफ्टवेअरने चुकीचा माणूस ओळखण्याचं प्रमाण कुठे नोंदलेलं असेल तर ते त्यातच सापडेल.

अर्ज फसतो तो बहुधा दोन ठिकाणी. प्रत्येक कॅमेऱ्याची जागा मागितली की सुरक्षेचं कारण देऊन ८(१)(क) किंवा (छ) खाली नकार येतो. त्याऐवजी वॉर्डनिहाय संख्या मागा. दुसरं म्हणजे अधिकाऱ्यांची नावं. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा संरक्षण कायद्यातून आलेली दुरुस्ती लागू झाल्यापासून ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला सरसकट सूट आहे, पूर्वीची जनहिताची अट त्या उपकलमातून गेली. म्हणून पदनाम मागा, नाव नको. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार मात्र अजून शाबूत आहे, अपिलात तो लेखी मांडा. अर्धा कागद गोपनीय असेल तर उरलेला अर्धा कलम १० खाली मिळतो, हेही लिहा.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर तो नकारच धरतात. पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठांकडे (मध्य प्रदेशात शुल्क ५० रुपये), मग ९० दिवसांत भोपाळच्या राज्य सूचना आयोगाकडे दुसरं (१०० रुपये). कॅमेऱ्यांचं काम नेमकं कोणाकडे आहे ते ठाऊक नसेल तरी चालेल. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज त्यांनीच ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. पण हे सगळं पाहता पुढच्या महिन्यासाठी उशीर झालाय, अर्ज आजच टाका.

टिळकनगर_वाचक:
फोन टॅपिंगसाठी वेगळी तयारी लागेल. लोकांसमोर तारखा ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं आजचं कलम ६९ (संगणक आणि इंटरनेटवरच्या माहितीवर पाळत ठेवण्याचा अधिकार देणारं) डिसेंबर २००८ च्या दुरुस्तीतून आलं, तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होतं. त्याच कलमाखाली २० डिसेंबर २०१८ रोजी भाजप सरकारने अशी पाळत ठेवू शकणाऱ्या १० यंत्रणांची यादी जाहीर केली. ही नागरिकांवर पाळत आहे म्हणून काँग्रेसने गदारोळ केला आणि सरकारने उत्तर दिलं की नियम तुमच्याच काळातले, २००९ चे. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि नागरिकाच्या हाती काहीच पडलं नाही.

त्याआधीचंही सांगा. १९८८ मध्ये कर्नाटकात फोन टॅपिंगच्या आरोपांवरून जनता पक्षाचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा दिला. पारदर्शकतेतही तेच: ३ जून २०१३ ला केंद्रीय माहिती आयोगाने काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, बसप आणि राष्ट्रवादी यांना माहिती अधिकाराखाली आणलं, सहापैकी एकानेही तो आदेश पाळला नाही. स्वतःच्या पक्षाची बाजू घेणाऱ्याला यावर काय म्हणणं आहे ते जरूर विचारावं.

रामबागकर:
मग टॅपिंगचे आकडे मागता येतील का? देखरेख कोण करतं?

ग्वाल्हेरचा वकील:
राज्यात परवानगी गृहसचिव देतात. आदेश ६० दिवसांचा, वाढवून जास्तीत जास्त १८० दिवस. तपासणी करणारी समिती मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्यातले सगळे सरकारचेच सचिव, न्यायाधीश एकही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या पीयूसीएल (नागरी हक्कांसाठी काम करणारी संघटना) खटल्यातल्या निकालाने ही चौकट घातली, न्यायालयीन परवानगी मात्र बंधनकारक केली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा दोष हाच, आणि सरकार बदललं म्हणून तो बदलत नाही.

व्यक्तीचं नाव घालून काही मिळणार नाही. गेल्या दोन महिन्यांत किती आदेश निघाले, समितीच्या किती बैठका झाल्या, किती आदेश रद्द केले, एवढे नुसते आकडे मागा. जुन्या वर्षांचे मागू नका: नियमांप्रमाणे नोंदी सहा महिन्यांनी नष्ट होतात, आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने तेच कारण पुढे केलेलं आहे. नकार आलाच तर २०१३ चा दाखला अपिलात द्या. तेव्हा त्याच मंत्रालयाने माहिती अधिकारात सांगितलं होतं की महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० आदेश निघतात.