जुना स्विच धडधाकट असताना स्विच २ घ्यावा का?

सागरगोटा:
निन्टेंडोचा गेम कन्सोल स्विच २ जून २०२५ मध्ये आला. माझं मत: जुना नीट चालत असेल तर इतक्यात घेऊ नये. स्क्रीन ६.२ इंचांवरून ७.९ इंच झाली, ७२०पी ची १०८०पी झाली, मान्य. माझा आक्षेप गेम-की कार्डवर आहे. डबी विकत आणायची, कार्ड खोचायचं, तर आत गेम नाहीच, नुसती किल्ली. अख्खा गेम डाउनलोड करायचा आणि वर दर वेळी खेळताना कार्डही लावायचं. पुढेमागे डाउनलोड बंद झालं तर त्या कार्डाचं काय करायचं? वी यू आणि ३डीएस या निन्टेंडोच्याच जुन्या यंत्रांच्या ई-शॉपमधली (ऑनलाइन दुकानातली) खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झालीच ना!

रानवारा:
साफ असहमत. की कार्ड सगळ्या गेमना नाही. मारिओ कार्ट वर्ल्ड, डाँकी काँग बनान्झा पूर्ण कार्डावर आहेत. सायबरपंक २०७७ सारखा अवाढव्य गेमसुद्धा कार्डात बसवलाय. की कार्ड असेल तर डबीच्या दर्शनी बाजूला तसं छापलेलं असतं, वाचून घ्यावं.

आणि फरक बघायचा तर जुनेच गेम लावून बघा. टिअर्स ऑफ द किंगडममध्ये लाकडं, पंखे जोडून मोठं यंत्र उभं केलं की जुना स्विच सेकंदाला ३० फ्रेमसुद्धा (चित्रं) धड देत नाही. नव्यावर अपग्रेड घेतलं की तोच गेम ६० ला पळतो. पोकेमॉन स्कार्लेटला तर सुधारणा फुकट मिळाली. कितीतरी जण कंटाळून अर्ध्यात सोडलेले गेम यामुळे पुन्हा खेळतील.

कंदील:
प्रवासात खेळणाऱ्यांनी बॅटरी बघा. कंपनीच्याच आकड्यांनुसार नव्याची साधारण २ ते ६.५ तास, जुन्या स्विचच्या ओलेड स्क्रीनवाल्या मॉडेलची ४.५ ते ९. शिवाय ओलेडवरचा गडद काळा रंग बघायची सवय झाली असेल तर नवी एलसीडी फिकी वाटते.

सागरगोटा:
@रानवारा, निन्टेंडोचे स्वतःचे गेम कार्डावर येतात, बरोबर. पण बाहेरच्या कंपन्यांचे बरेच गेम की कार्डावरच येताहेत, आणि आतली जागा २५६ जीबी. ती भरली की मायक्रोएसडी एक्सप्रेस मेमरी कार्ड घ्या, कारण जुन्या साध्या मायक्रोएसडी कार्डावर स्विच २ गेम ठेवूच देत नाही. हा खर्च कन्सोलच्या किमतीत कुणी धरत नाही.

रानवारा:
मग पहिल्यांदाच घेणाऱ्याला काय सांगाल? २०१७ चं यंत्र घे म्हणून?

सागरगोटा:
नाही, त्याने थेट २ घ्यावा. जुने बहुतेक गेम त्यावर चालतात, आणि बनान्झा जुन्यावर मिळणारच नाही. माझा विरोध चालू यंत्र बाजूला टाकण्याला आहे. माझ्या कपाटातलं जुनं गेमचं कार्ड आजही भाच्याला दिलं की तो घरी जाऊन लावतो आणि नेटशिवाय खेळायला बसतो. हे की कार्डाने होत नाही.