मदत हवी आहे: टोन कपॅसिटर निवडणारा रोटरी स्विच फिरवताना येणारा ‘टक्’ आवाज

नमस्कार. माझ्या स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या गिटारमध्ये (तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांची कंपने विद्युत संकेतात बदलणारे भाग; २५० किलोओमचे पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारे रोध) दोन टोन पॉटपैकी एक काढून त्या जागी मी सहा स्थानांचा रोटरी स्विच बसवला आहे. उरलेला टोन पॉट तिन्ही पिकअपसाठी सामाईक असून त्यातून येणारी तार स्विचच्या मधल्या टोकाला जाते. पहिले स्थान रिकामे आहे. पुढच्या पाचांवर ०.००२२, ०.००४७, ०.०१, ०.०२२ आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचे फिल्म कपॅसिटर आहेत आणि त्यांची दुसरी टोके ग्राउंडला जोडली आहेत.

स्वराबद्दल तक्रार नाही. टोन पॉट पूर्ण उघडा असताना कपॅसिटर बदलल्याचा फरक जवळजवळ कळत नाही, हे अपेक्षितच होते. पॉट शून्यावर आणल्यावर मात्र लहान कपॅसिटर नुसता तीव्र स्वर कापत नाहीत, तर पिकअपच्या इंडक्टन्सबरोबर (वेटोळ्याच्या विद्युत गुणधर्माबरोबर) मिळून ठरावीक वारंवारतेला आवाज उठवणारा नवा उंचवटा तयार करतात. इंडक्टन्स अडीच हेन्री धरल्यास तो ०.००४७ ला १५०० हर्ट्झच्या आसपास आणि ०.०२२ ला ७०० हर्ट्झच्या खाली येतो. ०.००४७ चा स्वर वाह पेडल (पायाने स्वराचा रंग बदलणारे उपकरण) मध्येच थांबवल्यासारखा लागतो, आणि खरे तर त्याच्यासाठीच हा खटाटोप केला.

अडचण आवाजाची आहे. तारा हाताने दाबून ठेवल्या तरी स्विच फिरवताना ‘टक्’ असा आवाज येतो. टोन पॉट शून्यावर असताना तो मोठा असतो, उघडा असताना मंद. गिटार थेट अँप्लिफायरला जोडल्यास तो जेमतेम ऐकू येतो, पण मध्ये ओव्हरड्राइव्ह पेडल (स्वर फाटका करणारे उपकरण) असल्यास, ते बंद ठेवले तरी, स्पष्ट येतो. त्यामुळे पेडलच्या इनपुटमधून थोडा डीसी (एकदिश) व्होल्टेज गिटारकडे गळत असावा, अशी शंका आहे.

प्रत्येक कपॅसिटरसाठी १० मेगाओमचा रेझिस्टर लावावा, हा उपाय सर्वत्र सांगितला जातो. पण तो नेमका कुठे लावायचा? कपॅसिटरला समांतर लावल्यास न निवडलेला कपॅसिटर शून्य व्होल्टवर राहील. स्विचकडे येणाऱ्या तारेवर काही मिलिव्होल्ट डीसी असल्यास निवडताना झटका बसणारच. स्विचच्या मधल्या टोकापासून प्रत्येक स्थानापर्यंत लावल्यास सगळे कपॅसिटर त्या डीसी पातळीलाच राहतील, म्हणून माझा कल याकडे आहे. पाचही रेझिस्टर मिळून २ मेगाओम होतात, म्हणजे रिकाम्या स्थानावरही २५० किलोओमच्या व्हॉल्यूम पॉटपुढे त्यांचा भार नगण्य ठरावा. यात काही निसटते आहे का?

दुसरा प्रश्न असा, की जुना संपर्क सुटण्याआधी नवा जोडणारा स्विच वापरल्यास हा आवाज कमी होतो, की दोन कपॅसिटर क्षणभर एकत्र आल्याने उलट वाढतो? ज्यांनी दोन्ही प्रकारचे स्विच गिटारमध्ये वापरले आहेत, त्यांनी कृपया सांगावे. गिब्सन ईएस-३४५ गिटारमधील व्हेरिटोन या अशाच कपॅसिटर निवडणाऱ्या रोटरी स्विचचे आराखडे मी पाहिले आहेत; पण त्यात चोकही (तारेचे वेटोळे) असल्याने ते जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत.